कॉडच्या कानातले खडे

माशाला कान असतात असं सांगितलं की माणसं आधी हसतात. बाहेरून दिसत नाहीत, पण कवटीच्या आत असतात, आणि त्या कानांत पांढरे खडे असतात. जाणकाराने खडा भिंगाखाली धरला की मासा कुठल्या जातीचा, केवढा, किती वयाचा, हे सगळं सांगता येतं. एका माशाने दुसऱ्याला गिळलं की मांस विरघळतं, काटे विरघळतात, खडे मात्र पोटात बराच काळ टिकून राहतात. त्यामुळे समुद्रात कोण कुणाला खातं हे शोधायचं तर पोटं फाडायची आणि खडे वेचायचे. हे काम मला येत होतं. सिंगापूरमधल्या बुओना व्हिस्टाच्या त्या लॅबमध्ये माझ्याइतकं ते कुणालाच येत नव्हतं, आणि तरी मी तिथे दुसऱ्यांनी ओळखलेल्या खड्यांचे फोटो काढायला होते.

दुसऱ्यांनी म्हणजे तिने. ती माझी ज्युनिअर. कोकणातल्या मत्स्यशास्त्राच्या कॉलेजात माझ्या मागे तीन वर्षं. नागपूरकडची मुलगी, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात आल्यावरच. तारली कुठली आणि बांगडा कुठला हे तिला मी दाखवलं. बंदरावरून पाटीभर बोंबील आणून त्यांची पोटं कशी उघडायची, आत बोंबलाचंच पिल्लू सापडलं तर किंचाळायचं कसं नाही, तेही मीच शिकवलं. बोंबील स्वतःची पिल्लं खातो हे कळलं त्या दिवशी ती जेवली नव्हती. मला तिची दया आली होती. थोडा रागही आला होता, कारण त्या दिवशी हॉस्टेलवर बोंबीलच तळले होते आणि तिच्या वाटचे मला खावे लागले.

तिला मी माझं प्रॅक्टिकलचं जर्नल उतरवायला दिलं होतं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख घालायची, हा माझा दंडक. ‘तारीख नसेल तर पान फाडून टाकीन,’ अशी मी ज्युनिअर मुलींना दटावत असे, आणि एकदा एकीचं खरंच फाडलं होतं. मी तेव्हा तशीच होते. सगळ्यांत हुशार आणि ते सगळ्यांना सांगणारी.

मग पीएच.डी.ची जागा आली आणि त्याच महिन्यात लग्न ठरलं. नवरा सिंगापूरमध्ये बँकेत अकाउंटंट. कुणी हाताला धरून ओढलं नव्हतं, जागा मीच सोडली. आज हे सरळ लिहिते आहे. तेव्हा मात्र वर्षानुवर्षं मी ‘सोडावी लागली’ असंच सांगत असे. पासिर रिसला फ्लॅट, लेकीचा जन्म, हातात नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेला डिपेंडंट पास. लेक शाळेत जायला लागल्यावर नोकरीच्या परवानगीचं पत्र काढून मी या लॅबमध्ये असिस्टंट म्हणून लागले. पासिर रिसहून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, गाडी न बदलता तासाभरात पोचता यायचं. खिडकीजवळची जागा मिळाली की मला वाटायचं, काही बिघडलेलं नाही, पुन्हा सुरू झालं.

दोन हजार सहाच्या सुमारास ती आली. उत्तर युरोपातल्या एका थंड देशात पीएच.डी. करून, कॉड माशावर नाव कमावून, आमच्या लॅबमध्ये संशोधक म्हणून. बरोबर चार खोके. त्यांत शेकडो काचेच्या कुप्या, प्रत्येक कुपीत एका कॉडच्या पोटातून निघालेले खडे. कुपीवर तिच्या अक्षरात माशांची नावं. इथल्या नव्या मायक्रोस्कोपवर त्यांचे फोटो काढायचे, मापं घ्यायची आणि कॉम्प्युटरवर त्या समुद्राचं सगळं खाद्यजाळं उभं करायचं, असं ते काम होतं. फोटो आणि मापं माझ्याकडे आली.

मला तिचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही. सकाळी उठल्यावर दात घासताना वाटायचा. तिचा कॉन्डो लॅबपासून चालत दहा मिनिटांवर होता, खाली पोहायचा तलाव. ती साडेनऊला ओल्या केसांनी यायची आणि कुणी काही म्हणायचं नाही. मी साडेआठला हजर असायचे आणि तेही कुणाच्या लक्षात यायचं नाही. त्या थंड देशातून आणलेला एक लांब कोट तिने दाराआड टांगून ठेवला होता. लॅबमधला एसी सहन झाला नाही की घालायची. एकदा सगळे जेवायला गेलेले असताना मी तो अंगात चढवून पाहिला. बाह्या मला आखूड झाल्या. त्या दिवशी माझा मूड संध्याकाळपर्यंत छान होता.

आणि ते ‘ताई’! लॅबमध्ये सगळे एकमेकांना नावाने हाका मारत. साठीच्या लॅबप्रमुखांनाही नावानेच. फक्त ती मला ‘ताई’ म्हणायची, भर मीटिंगमध्ये. ‘ताई, या कुप्या आज होतील का?’ ‘ताई, तुम्ही जरा ही मापं परत घेता का?’ बाकीच्यांना वाटू लागलं की हेच माझं नाव. एका चिनी सहकाऱ्याने मला ई-मेलवर ‘डिअर ताई’ लिहिलं. मी आतल्या आत जळायचे. हुकूम सोडायचे ते सोड, पण वर ताई कशाला? नावाने हाक मार आणि मोकळी हो. पण हे तिला तोंडावर म्हणायची माझी हिंमत झाली नाही, कारण म्हटलं असतं तर तिने कारण विचारलं असतं.

एका रविवारी नवऱ्याने तिला जेवायला बोलावलं. त्याला तिचं फार कौतुक. ‘आपल्याकडची मुलगी कुठल्या कुठे पोचली,’ हे त्याने माझ्या देखत तीनदा म्हटलं. मी सकाळी बाजारात जाऊन चांगले बांगडे आणले, भरपूर तिरफळं घालून आमटी केली. तिने बोटं चाटून खाल्ली. जेवण झाल्यावर लेकीने विचारलं की आंटी लॅबमध्ये काय करते, तेव्हा तिने कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून जमिनीवर पसरलं आणि मधोमध एक जाडजूड मासा काढला.

“हा कॉड. याच्या हनुवटीला एक मिशी असते, बघ. हा काय खातो?”

लेकीने एकेक नाव घेतलं की ती एकेक बाण काढत गेली. झिंगे, खेकडे, हेरिंग, लहान मासे. आणि त्या समुद्रातला बोटभर लांबीचा, कॉडच्याच भावकीतला एक मासा. त्याला मराठीत नाव नाही, म्हणून आम्ही दोघी लॅबमध्ये त्याला ‘बारका’ म्हणायचो. मग तिने सांगितलं की माणसांनी मोठमोठी जाळी टाकून मोठे कॉड बेसुमार पकडले. कॉड कमी झाले, त्यामुळे बारके आणि हेरिंग माजले. आणि ते कॉडची अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं खायला लागले.

“म्हणजे आधी ज्यांना खायचा, तेच आता त्याच्या पिल्लांना खातात. त्यामुळे मासेमारी थांबवली तरी कॉड परत वाढत नाही. एकदा मोठा खाली आला ना, की त्याला वर येऊ देत नाहीत.”

शेवटचं वाक्य तिने सहज म्हटलं. मी हातातल्या ताटल्या घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि नळ जोरात सोडला.

लेकीने तो कागद फ्रीजवर चिकटवला. संध्याकाळी मला तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “मम्मा, आंटी सो क्लेव्हर, लाह.” मग थोडा विचार करून, “यू ओल्सो स्टडी फिश, मेह?”

आठ वर्षांची माझी मुलगी. तिच्या जन्माआधीपासून घरातल्या माळ्यावर माझी पुस्तकं एका खोक्यात होती. मी तिला म्हटलं, हो, मीही शिकले. ती “ओके” म्हणाली आणि टीव्ही लावला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मला ती चूक सापडली.

कुपीवर बारक्याचं शास्त्रीय नाव होतं. खडा छोटा, लांबट, काठ गुळगुळीत. मी फोटोसाठी तो उलटा केला आणि हात थांबला. खड्याच्या पोटावर एक खाच असते. जातीगणिक तिची ठेवण वेगळी. आदल्या दोन महिन्यांत मी शेकडो कॉडचे खडे पाहिले होते, अगदी बोटभर पिल्लांचे नमुन्यांसाठी ठेवलेलेसुद्धा. ही खाच बारक्याची नव्हती, ती कॉडच्या पिल्लाची होती. पिल्लाच्या खड्याच्या काठाला बारीक दाते असतात. इथे ते नव्हते, कारण पोटातल्या आम्लाने खाऊन टाकले होते. मी पुढची कुपी उघडली, मग त्यापुढची. त्या दिवशी वीस कुप्या पाहिल्या, त्यांतल्या निम्म्याहून जास्त ‘बारके’ बारके नव्हतेच. मोठ्या कॉडने कॉडचीच पिल्लं खाल्ली होती, आणि ती तिच्या हिशेबात कुठेच नव्हती. कॉडची पिल्लं कमी का, याचा सगळा ठपका तिने बारक्यांवर ठेवला होता.

मला काय वाटलं ते सांगते. आनंद झाला. इतका, की मी बाथरूममध्ये जाऊन आरशात स्वतःकडे पाहिलं. तोंड लाल झालं होतं.

मग मी एक वही केली. रोज माझं ठरलेलं काम झालं की वीसपंचवीस कुप्या जास्तीच्या पाहायच्या आणि चुकीच्या कुप्यांचे नंबर वहीत लिहायचे. तिला सांगायचं नाही. मी स्वतःला समजावलं की मला फोटो काढायला ठेवलंय, ओळखायला नाही, विचारलं तर सांगू. तिने विचारलं नाही. तीन आठवड्यांनी बाहेरून पाहुणे येणार होते, त्या थंड देशातले दोघे धरून, आणि त्यांच्यासमोर ती हे जाळं मांडणार होती. रोज घरी जाताना एमआरटीत मी तो प्रसंग रंगवायचे. पाहुण्यांपैकी एक जण हात वर करतो, पडद्यावरचा फोटो मोठा करायला सांगतो, खाचेकडे बोट दाखवतो. ती माझ्याकडे वळून बघते. पुढचं मी दर वेळी वेगळं रंगवायचे. कधी मी गप्प राहायचे, कधी उठून सगळं नीट समजावून द्यायचे आणि लॅबप्रमुख विचारायचे, ही इतके दिवस कुठे होती? कुठेच गेले नव्हते, तीन टेबलं सोडून बसले होते. सिमेई स्टेशन आलं की मी पिशवी आवरायला घ्यायचे. वही पिशवीत तळाशी असायची.

पाहुणे सोमवारी येणार होते. आदल्या गुरुवारी दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. हातात दोऱ्याने बांधलेल्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या, त्यांत कोपी, म्हणजे इथली कॉफी. एक माझी, साखर कमी. माझी साखर तिच्या लक्षात असायची, आणि मला त्याचाही राग यायचा.

“ताई, एक स्लाइड बघता का? तुम्ही हो म्हटलं तरच ठेवते.”

तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. पडद्यावर एका प्रॅक्टिकलच्या जर्नलचं पान होतं, झेरॉक्सचा झेरॉक्स असावा, कडा काळ्या पडलेल्या. ढोमा माशाच्या खड्याची पेन्सिलने काढलेली आकृती. शेजारी नीटस अक्षरात लिहिलेलं: काठाला दाते असतील तर मोठ्या जातीचं पिल्लू, काठ गुळगुळीत असेल तर लहान जातीचा पूर्ण वाढलेला मासा. अक्षर माझं होतं. कोपऱ्यात तारीख.

“सगळी ओळख याच नियमावर केलीय मी,” ती सांगत होती. “तिकडे विचारायचे ना मला, पोटातल्या खड्यांचं एवढं कुठून शिकलीस म्हणून. मी हे पान दाखवायची. मी म्हटलं, सोमवारी पहिली स्लाइड हीच. आमच्या ताईंचा नियम. तुमचं नाव मोठ्या अक्षरात टाकलंय, खाली बघा.”

खाली माझं नाव होतं.

कोकणात तो नियम चालतो. आमचं पाणी कोमट, माशाच्या पोटात सगळं झरझर जिरतं. खडा एक तर ताजा सापडतो किंवा सापडतच नाही, अर्धवट झिजलेला फारसा मिळत नाही. थंड समुद्रात जिरायला दिवस लागतात. खडा आम्लात पडून राहतो, काठ झिजतो, आणि दाते असलेलं पिल्लू गुळगुळीत होऊन बसतं. एवढं तिच्या लक्षात यायला हवं होतं. एखादीच्या आलंही असतं. पण तिने तो नियम तपासलाच नाही, कारण तो ताईने सांगितला होता. मी तीन आठवडे जी चूक चघळत होते ती माझी होती. वयाच्या बाविसाव्या वर्षी, चाळीस-पन्नास ढोमे पाहून, मी ठणकावून लिहिलेली.

“हे काढून टाक,” मी म्हटलं.

“का हो ताई? तुम्हाला नाही आवडलं?”

“नियम चूक आहे. तिथल्या पाण्यात चालत नाही. तुझे निम्मे बारके कॉडची पिल्लं आहेत.”

ती हसली, मग हसायची थांबली. मी एक कुपी उघडून भिंगाखाली धरली, शेजारी पिल्लाचा नमुना ठेवला. तिने डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मान वर केली तेव्हा चेहऱ्यावर रंग नव्हता.

“सोमवारपर्यंत सगळ्या कुप्या परत बघून नाही होणार,” ती म्हणाली. “शक्यच नाही.”

शक्य होतं. वही होती ना. चुकीच्या कुप्यांचे नंबर ओळीने लिहिलेले, जवळजवळ सगळ्या झालेल्या. ती दिली की तीन दिवसांत आकडे बदलून जाळं नव्याने उभं करता आलं असतं. फक्त वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख होती. ती घातल्याशिवाय मला लिहिताच येत नाही.

“थांब, तुला नंबर देते,” मी म्हटलं आणि एक कोरा कागद ओढला. वही मांडीवर ठेवून उतरवायला सुरुवात केली. तीन नंबर लिहिले. समोर पडद्यावर ते पान तसंच होतं, खाली मोठ्या अक्षरात माझं नाव. मला चौथा नंबर लिहिता येईना. मी कागद चुरगळला आणि वहीच तिच्या हातात दिली.

ती पहिल्यांदा नंबरच बघत होती. ओठ हलत होते, मोजत होती. दुसरं पान, तिसरं पान. मग तिची नजर कोपऱ्यात गेली. तिने पुन्हा पहिलं पान काढलं, पुन्हा शेवटचं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. खात्री करून मग सांगणार होते, असं काहीतरी. तोंड उघडलंही, पण ते इतकं खोटं होतं की बाहेर पडलं नाही. वही मिटून, लॅपटॉप उचलून ती आपल्या टेबलाकडे गेली. तिची कोपी माझ्या टेबलावर राहिली.

शुक्रवार, शनिवार, रविवार आम्ही दोघींनी काम केलं. ती नंबर वाचायची, मी कुपी लावायचे, ती खात्री करायची, मी आकडा बदलायचे. दोघींचे हात एकाच वळणाचे, काम भराभर होत होतं. रविवारी दुपारी नवं जाळं तयार झालं. तिने भिंतीवरचा मोठा कागद काढला आणि नवा लावला. त्यात कॉडपासून एक जाड बाण निघून गोल फिरून कॉडलाच येऊन मिळत होता. हॉस्टेलवरच्या त्या बोंबलांची आठवण मला झाली. तिलाही झाली असणार.

सोमवारी सगळं छान पार पडलं. पाहुण्यांनी त्या गोल बाणावरच सगळ्यांत जास्त प्रश्न विचारले. तिने पहिली स्लाइड काढून टाकली होती. शेवटी मात्र तिने सांगितलं की खड्यांची फेरतपासणी माझी, त्यामुळे शोधनिबंधावर दुसरं नाव माझं असेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लॅबप्रमुख मागे वळून मला म्हणाले की एवढी नजर असलेली ही इतके दिवस कुठे होती. एमआरटीत रंगवलेलं अगदी तेच वाक्य, जवळजवळ शब्दाला शब्द.

घरी येऊन मी लेकीला सांगितलं. फ्रीजवरच्या कागदावर आणखी एक बाण काढायचा म्हणून तिने स्केचपेन आणलं आणि माझ्या हातात दिलं. मी कॉडभोवती तो गोल बाण काढला. “ही ईट हिज ओन बेबी, आह?” ती म्हणाली. “सो बॅड.” मग मला विचारलं, हे शोधलं कुणी, आंटीने का तू? मी म्हटलं, मी. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच माझ्याकडे त्या नजरेने पाहिलं, आणि मला ते नको झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेआठला लॅबमध्ये बसले होते. साडेनऊला ती आली, केस ओले. खोलीत आठदहा जण होते. कोट दाराआडून काढून अंगात घालत ती माझ्या टेबलापाशी थांबली, नव्या कुप्यांचा ट्रे ठेवला आणि इंग्रजीत विचारलं की हे आज होतील का. आवाजात राग नव्हता. वाक्याच्या सुरुवातीला तिने मला हाक मारली, बाकी सगळे मारतात तशी, नावाने.